भूमिगत कोळसा खाणींतील भूकंपीय निरीक्षण

भूमिगत कोळसा खाणींतील भूकंपीय निरीक्षण म्हणजे खाणीचे छत, कोळशाचे खांब आणि भोवतालचे खडक यांत तडे जाताना निर्माण होणारे सूक्ष्म कंप उपकरणांनी अखंड टिपून, ते कोठे, किती जोराने आणि कोणत्या क्रमाने होत आहेत हे ठरविण्याची पद्धत होय. नैसर्गिक भूकंपांच्या अभ्यासात वापरली जाणारी तत्त्वेच येथे वापरली जातात; मात्र मोजायच्या घटना कोट्यवधी पटींनी लहान असतात आणि त्या मोजणाऱ्या उपकरणांपासून काही मीटर ते काही शे मीटर अंतरावर माणसे काम करीत असतात. छत कोसळणे, खांब चिरडले जाणे, पोकळीवरील खडक एकदम खाली येऊन हवेचा झोत उसळणे आणि भूपृष्ठ खचणे या घटनांची पूर्वसूचना मिळविणे हा या निरीक्षणाचा मुख्य हेतू असतो. अशी पूर्वसूचना काही खाणींत मिळाली आहे. परंतु सर्व प्रकारच्या कोसळींसाठी ती मिळू शकत नाही.

महाराष्ट्रातील कोळसा खाणी

महाराष्ट्रातील दगडी कोळसा राज्याच्या पूर्व भागात, नागपूर, चंद्रपूर व यवतमाळ या जिल्ह्यांत आढळतो. तो गोंडवनी संघाच्या बाराकार मालेतील असून पर्मियन कालखंडात साचलेला आहे. वर्धा खोऱ्यातील कोळसाक्षेत्र दक्षिणेकडे प्राणहिता-गोदावरी खोऱ्यात, म्हणजे तेलंगणातील सिंगरेणीच्या खाणींकडे, पुढे चालू राहते. पश्चिमेकडे हेच खडक दख्खन ट्रॅपच्या बेसाल्टाखाली दिसेनासे होतात. छत्रपती संभाजीनगरसह मराठवाड्याचा बहुतांश भाग या बेसाल्टाने व्यापलेला असल्याने तेथे कोळशाची खाण नाही. तेथील वाचकाला भूकंपमापक म्हटले की कोळसा आठवत नाही, ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारी भूकंप आठवतो. या दोन प्रकारच्या कंपांमधील फरक पुढे पाहिला आहे.

वरोरा येथे १८७०च्या दशकात सुरू झालेली खाण ही विदर्भातील आरंभीच्या खाणींपैकी एक होती. विसाव्या शतकाच्या आरंभी ती बंद झाली. त्यानंतर बल्लारपूर, चंद्रपूर, घुग्घुस, राजूर व कामठी परिसरात खाणी निघाल्या. १९७३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर आणि १९७५ च्या पुनर्रचनेनंतर या खाणी नागपूर येथे मुख्यालय असलेल्या वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेडकडे, म्हणजेच वेकोलिकडे, आल्या. आज या कंपनीचा बहुतेक कोळसा खुल्या खाणींतून निघतो. तरीही सिल्लेवाडा, सावनेर, दुर्गापूर-रय्यतवारी, बल्लारपूर अशा भूमिगत खाणींची परंपरा मोठी आहे, आणि चंद्रपूरसारख्या शहराचा काही भाग जुन्या भूमिगत कामांच्या सान्निध्यात वसलेला आहे.

याच कंपनीच्या कार्यक्षेत्रात, पण मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात, न्यूटन चिखली ही खाण होती. तेथे १० डिसेंबर १९५४ रोजी खाणीत पाणी घुसून ६३ कामगार मृत्युमुखी पडले. ती दुर्घटना छत कोसळण्याची नव्हती. भूमिगत खाणीतील धोके वेगवेगळ्या जातींचे असतात आणि एकच उपकरण सर्वांवर चालत नाही, हे ध्यानात ठेवण्यासाठी तिचा येथे उल्लेख केला आहे.

खडक कसा कोसळतो

विदर्भातील भूमिगत खाणींत प्रामुख्याने बोर्ड व पिलर पद्धत वापरली जाते. कोळशाच्या थरात एकमेकींना छेदणाऱ्या गॅलऱ्या खोदल्या जातात आणि त्यांच्यामध्ये कोळशाचेच चौकोनी खांब सोडले जातात. वरच्या खडकाचा भार या खांबांवर येतो. शंभर मीटर खोलीला हा भार सुमारे २.५ मेगापास्कल असतो. त्यात काढलेल्या कोळशाने पूर्वी पेललेला वाटा मिळवावा लागतो. म्हणून खोली वाढेल तसे खांब मोठे ठेवावे लागतात. १९५७ च्या कोळसा खाण नियमावलीतील तक्त्यानुसार ४.८ मीटर रुंदीच्या गॅलऱ्या असतील, तर ६० मीटरपर्यंतच्या खोलीवर दोन खांबांच्या मध्यबिंदूंमधील अंतर किमान १९.५ मीटर आणि २४० ते ३६० मीटर खोलीवर ४५ मीटर असावे लागे. पहिल्या स्थितीत विकासकामातच सुमारे ४३ टक्के कोळसा निघतो, दुसऱ्या स्थितीत केवळ २० टक्के. उरलेला कोळसा मिळविण्यासाठी खांबच काढून घेण्याच्या टप्प्यास डिपिलरिंग म्हणतात. खाणकामातील सर्वांत जोखमीचा टप्पा हाच होय.

डिपिलरिंगमध्ये खांब काढून झालेली पोकळी, म्हणजे गोफ, मागे राहते. तिच्यावरचे छत आपोआप खाली यावे अशी अपेक्षा असते. छत थोड्या थोड्या अंतराने कोसळत राहिले, तर पुढच्या खांबांवरील भार हलका होतो. परंतु छतात जाड, एकसंध वालुकाश्म असेल तर ते तुळईसारखे अधांतरी टिकून राहते. गोफ रुंदावत जातो, खांबांवरील भार वाढत जातो आणि शेवटी हजारो चौरस मीटरचे छत एकाच वेळी कोसळू शकते. त्या वेळी पोकळीतील हवा दाबली जाऊन गॅलऱ्यांतून प्रचंड वेगाने बाहेर पडते. या हवेच्या झोतात माणसे फेकली जातात, आधार उखडतात आणि वायुवीजनाची व्यवस्था मोडते. नदीची वाळू पाण्याबरोबर आत सोडून पोकळी भरून काढणे हा यावरील जुना उपाय आहे.

गॅलरीतील छत कोसळण्याची कारणे निराळी असतात. तेथे पातळ थरांचे शेल एकमेकांपासून सुटतात, सांध्यांवरून ठोकळे निखळतात किंवा पाणी व दमट हवा यांमुळे मातीयुक्त खडक मऊ पडतो. भारतात अशा छताचे मूल्यमापन करण्यासाठी थरांची जाडी, संरचनात्मक दोष, झिजण्याची प्रवृत्ती, खडकाचे बल आणि भूजल या पाच घटकांना गुण देण्याची पद्धत १९८०च्या दशकात विकसित झाली. तिच्यावरून छतास किती आणि कोणते आधार द्यावेत हे ठरविले जाते.

तिसरा प्रकार खांबांच्या चिरडण्याचा आहे. एक खांब निकामी झाला की त्याचा भार शेजाऱ्यांवर जातो. तेही आधीच काठावर असतील, तर पत्त्यांच्या बंगल्याप्रमाणे संपूर्ण विभाग बसतो. दक्षिण आफ्रिकेतील कोलब्रुक नॉर्थ खाणीत २१ जानेवारी १९६० रोजी असेच घडले आणि सुमारे ४३५ कामगार गाडले गेले. तेथे २८ डिसेंबर १९५९ रोजी एक लहान कोसळ होऊन गेली होती. या दुर्घटनेनंतर झालेल्या अभ्यासातून सॅलॅमन व मन्रो यांनी १९६७ मध्ये खांबांच्या बळाचे सूत्र मांडले. त्याचा आधार आजही जगभर घेतला जातो.

अतिखोल खाणींत साठलेली ऊर्जा एकाएकी मुक्त होऊन खडक वा कोळसा स्फोटासारखा उडतो. त्यास खडक-स्फोट किंवा कोळशाच्या बाबतीत बम्प म्हणतात. विदर्भातील खाणी तुलनेने उथळ असल्याने तेथे हा मुख्य धोका नाही. भूकंपीय निरीक्षणावरील पाश्चात्त्य ग्रंथांचा भर मात्र बम्पवरच असतो. त्यातील निष्कर्ष विदर्भातील छताला जसेच्या तसे लावणे चुकीचे ठरेल.

कंप आणि त्यांचे मापन

खडकावरील प्रतिबल वाढत गेले की तो एकदम तुटत नाही. आधी त्यात सूक्ष्म तडे पडतात, ते वाढतात, एकमेकांना मिळतात. प्रत्येक तडा पडताना थोडी ऊर्जा तरंगरूपाने बाहेर पडते. त्यांपैकी काही तरंग कानाला ऐकू येतात. अनुभवी कामगार ‘छत बोलू लागले’ असे म्हणतात तेव्हा ते याच आवाजाविषयी बोलत असतात. मायनिंग सरदार काठीने छत ठोकून आवाजाचा अंदाज घेतो. घट्ट छत खणखणीत वाजते, सुटलेला थर बद्द वाजतो. भूकंपीय निरीक्षणाने या कौशल्याला दोन गोष्टींची जोड दिली. एक म्हणजे माणूस जाऊ शकत नाही अशा गोफाच्या आतील आवाज आणि दुसरी म्हणजे चोवीस तासांची नोंद.

तरंग दोन मुख्य प्रकारचे असतात. प्राथमिक तरंगात खडकाचे कण तरंगाच्या दिशेतच पुढे-मागे हलतात. दुय्यम तरंगात ते आडवे हलतात आणि हा तरंग मागाहून पोहोचतो. खाणींतील सूक्ष्म कंपांची वारंवारता साधारणपणे काही दहा ते काही शे हर्ट्झ असते. त्याहून लहान तडे हजारो हर्ट्झचे तरंग निर्माण करतात, पण ते थोड्याच अंतरात विरून जातात. म्हणून एखाद्या चौकातील छतावर लक्ष ठेवायचे असेल तर त्वरणमापक जवळ बसवावे लागतात आणि संपूर्ण विभागासाठी जिओफोनांचे विरळ जाळे पुरते. जिओफोनमध्ये स्प्रिंगवर टांगलेली तारेची गुंडाळी आणि चुंबक असते. जमीन हलली की दोहोंत सापेक्ष गती येऊन विद्युत्दाब निर्माण होतो.

या उपकरणाची विदर्भातील खाणपट्ट्याला वेगळ्या निमित्ताने ओळख आहे. खुल्या खाणींतील सुरुंगांमुळे घरांना हादरे बसतात, तेव्हा ते याच तत्त्वावरील यंत्राने मोजले जातात. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकानुसार खाणमालकाच्या मालकीच्या नसलेल्या साध्या घरांसाठी ८ हर्ट्झपेक्षा कमी वारंवारतेला कंपाचा कमाल वेग सेकंदाला ५ मिलिमीटर, ८ ते २५ हर्ट्झला १० आणि त्याहून अधिक वारंवारतेला १५ मिलिमीटर इतकाच चालतो. सुरुंगाचा क्षण ठाऊक असतो, तडा केव्हा पडेल हे ठाऊक नसते. त्यामुळे तड्यांसाठीचे यंत्र सतत चालू ठेवावे लागते आणि शेजारच्या खुल्या खाणीतील सुरुंग त्याच्या नोंदींतून वगळावे लागतात.

या घटना किती लहान असतात याचा अंदाज एका गणिताने येईल. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद आणि दोन मीटर जाड असा वालुकाश्माचा तुकडा, म्हणजे सुमारे ४६० टन खडक, तीन मीटर खाली पडला तर सुमारे १३५ लाख ज्यूल ऊर्जा मुक्त होते. तिचा दहा हजारावा भागच भूकंपतरंगांत गेला असे मानले, तर घटनेची प्रत शून्याच्याही खाली, उणे १ च्या आसपास येते. ६.२ प्रतीच्या किल्लारी भूकंपात याच्या सुमारे सहा हजार कोटी पट ऊर्जा तरंगरूपाने बाहेर पडली. राज्यातील व देशातील भूकंपमापन केंद्रांचे जाळे इतकी लहान घटना टिपण्यासाठी उभारलेले नाही. पण त्या ४६० टनांखाली उभ्या असलेल्या माणसासाठी प्रतीचा आकडा निरर्थक असतो.

स्थाननिश्चिती

कंप झाला एवढे कळून भागत नाही. तो कोठे झाला हे कळले तरच त्याचा उपयोग. उगमबिंदूचे तीन निर्देशांक आणि घटनेची वेळ अशा चार अज्ञात राशी असल्याने किमान चार ठिकाणी तरंगाच्या आगमनाची वेळ मोजावी लागते; प्रत्यक्षात त्याहून अधिक जिओफोन लावले जातात. वालुकाश्मात प्राथमिक तरंगाचा वेग सेकंदाला तीन किलोमीटर धरला तर एक सहस्रांश सेकंदाची चूक स्थानात तीन मीटरची चूक करते. गॅलरीची रुंदीच ४.८ मीटर असते. म्हणजे घड्याळ दोन सहस्रांश सेकंदांनी चुकले, तर घटना गॅलरीच्या छतात झाली की शेजारच्या खांबात, हे सांगता येत नाही. उपग्रहांवरून मिळणारी वेळ भूगर्भात पोहोचत नाही, त्यामुळे सर्व जिओफोन तारेने किंवा प्रकाशतंतूने एकाच घड्याळाशी जोडावे लागतात.

दुसरी अडचण भूमितीची आहे. जिओफोन गॅलऱ्यांतच बसविले तर ते सर्व कोळसा थराच्या जवळजवळ एकाच प्रतलात येतात. मग उगमबिंदूची आडवी जागा बऱ्यापैकी कळते, पण तो छतात दहा मीटर वर आहे की तळात खाली, हे नीट कळत नाही. वालुकाश्मी छताबाबत तर नेमका हाच प्रश्न महत्त्वाचा असतो. उपाय म्हणून भूपृष्ठावरून विंधनछिद्रे पाडून त्यांत निरनिराळ्या खोल्यांवर जिओफोन सिमेंटने पक्के केले जातात. विदर्भातील उथळ खाणींना येथे सोय आहे. शंभर-दोनशे मीटरची छिद्रे पाडणे हे हजार मीटरच्या तुलनेत सोपे आणि स्वस्त काम आहे.

तरीही मधला खडक एकजिनसी नसतो. कोळशात तरंगाचा वेग वालुकाश्मापेक्षा बराच कमी असतो आणि पडलेल्या खडकाने भरलेल्या गोफातून तरंग क्षीण होऊन, वळसा घेऊन येतात. खांब काढले जातील तसतसा हा मार्ग रोज बदलतो. म्हणून ज्ञात ठिकाणी लहान सुरुंग उडवून गणित वारंवार पडताळावे लागते. शिवाय ज्वलनशील वायूची शक्यता असलेल्या खाणीत नेले जाणारे प्रत्येक विद्युत उपकरण ठिणगी न पाडणारे आणि तशी मान्यता मिळालेले असावे लागते. प्रयोगशाळेत उत्तम चालणारी अनेक यंत्रे या एका अटीमुळे खाणीबाहेर राहतात.

इतिहास

खाणकामातून होणारे कंप नोंदविण्यासाठी जर्मनीतील रूर कोळसाक्षेत्रात बोखुम येथे १९०८ मध्ये भूकंपमापक बसविण्यात आला. पुढे अप्पर सायलेशियात, आजच्या पोलंडमध्ये, खाणपट्ट्यासाठी स्वतंत्र जाळे उभे राहिले. १९३०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या खाण विभागातील लेनर्ड ओबर्ट हे खांबांतील तरंगांचा वेग मोजत असताना त्यांच्या यंत्रात अनाहूत आवाज येऊ लागले. ते यंत्राचे दोष नसून दाबाखाली असलेल्या खडकाचे तडकणे होते. सूक्ष्मकंपांच्या तंत्राचा आरंभ या निरीक्षणातून झाला असे मानले जाते.

भारतात या विषयाची सुरुवात कोळशात नव्हे, सोन्यात झाली. कर्नाटकातील कोलार सुवर्णक्षेत्राच्या तीन किलोमीटरहून खोल खाणींत खडक-स्फोट वारंवार होत. तेथे विसाव्या शतकाच्या आरंभीच भूकंपमापक बसविला गेला होता आणि १९७०च्या दशकात भाभा अणुसंशोधन केंद्राच्या साहाय्याने जिओफोनांचे जाळे उभारले गेले. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय शिला यांत्रिकी संस्थेने हे काम पुढे नेले. २००१ मध्ये कोलारच्या खाणी बंद झाल्या आणि त्यांत पाणी भरत गेले. त्यानंतरही तेथे कंपांची नोंद होत राहिली. खाणकाम थांबले म्हणजे खडकही थांबतो, असे होत नाही.

कोळसा खाणींपैकी मध्य प्रदेशातील शहडोल भागात असलेल्या राजेंद्र खाणीतील लाँगवॉल कामात राष्ट्रीय शिला यांत्रिकी संस्थेने सूक्ष्मकंपांचे निरीक्षण करून छताच्या कोसळण्याचा अभ्यास केला. छत्तीसगडमधील चुर्चा खाणीत १९९० मध्ये लाँगवॉल छताच्या आकस्मिक भाराने यांत्रिक आधार चिरडले गेले होते. तेथे कोळशाच्या वर डोलेराइटाचा जाड, कठीण थर आहे. अशा छताखाली काम करायचे तर केवळ आधारांची क्षमता वाढवून भागत नाही, वर काय चालले आहे हे कळावे लागते, याची जाणीव त्या घटनेने तीव्र केली.

महाराष्ट्रात खाण सुरक्षा महासंचालनालयाचे पश्चिम विभागीय कार्यालय, केंद्रीय खाण व इंधन संशोधन संस्थेचे केंद्र, केंद्रीय खाण नियोजन व अभिकल्प संस्थेची प्रादेशिक शाखा आणि विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेचा खनिकर्म विभाग या चारही संस्था नागपुरात आहेत. २०१७ च्या कोळसा खाण नियमावलीने खाणीसाठी शैलस्तर नियंत्रण व निरीक्षणाची योजना आखणे बंधनकारक केले. मात्र नित्याच्या निरीक्षणात मुख्य भर छत व तळ यांमधील अंतर मोजणारे दर्शक, थरांचे सुटणे दाखविणारे टेलटेल, भारमापक पेशी आणि प्रतिबलमापक यांवरच असतो. ही साधने स्वस्त आहेत, कामगाराला डोळ्यांनी वाचता येतात आणि बिघडली तर तेथल्या तेथे बदलता येतात. मात्र ती जेथे बसविली तेथलेच सांगतात. गोफाच्या मध्यावर काय चालले आहे, ते त्यांच्या आवाक्याबाहेर असते.

भूकंप की कोसळ?

एखाद्या खाणीत दुर्घटना घडली आणि त्याच वेळी भूकंपमापकावर नोंद झाली, तर आधी काय घडले हा प्रश्न केवळ शास्त्रीय राहत नाही. त्यावर जबाबदारी अवलंबून असते. अमेरिकेतील युटा राज्यात क्रँडल कॅनियन खाणीत ६ ऑगस्ट २००७ रोजी खांब चिरडले जाऊन सहा कामगार अडकले. त्याच वेळी ३.९ प्रतीचा कंप नोंदला गेला. नैसर्गिक भूकंपामुळे खाण कोसळली, असे खाणमालकाने ठामपणे सांगितले. युटा विद्यापीठातील भूकंपशास्त्रज्ञांनी नोंदी तपासल्या तेव्हा वेगळे चित्र दिसले. भूपृष्ठाखाली दोन खडक एकमेकांवरून घसरले, तर काही केंद्रांवर जमीन प्रथम वर ढकलली जाते आणि काहींवर खाली ओढली जाते. पोकळी मिटते तेव्हा मात्र सर्व दिशांच्या केंद्रांवर पहिली हालचाल खाली, म्हणजे उगमाकडे, होते. क्रँडल कॅनियनच्या नोंदींत हीच खूण होती. कंपाने खाण कोसळली नव्हती. खाणीचे कोसळणे हाच तो कंप होता. दहा दिवसांनी, १६ ऑगस्टला, आणखी एका बम्पमध्ये बचावकार्य करणारे तीन जण दगावले. अडकलेल्या सहा जणांचे देह बाहेर काढता आले नाहीत.

महाराष्ट्राला मानवनिर्मित कारणांशी जोडलेले कंप अपरिचित नाहीत. १९६२ मध्ये पाणी साठू लागल्यावर कोयना परिसरात भूकंप वाढले आणि ११ डिसेंबर १९६७ रोजी तेथे विनाशकारी भूकंप झाला. तो जलाशयाने चेतविलेला असला तरी मुळात प्रस्तरभंगावरचे घसरणेच होते. किल्लारीचा भूकंप नैसर्गिक होता. खाणीतील कोसळ या दोहोंहून निराळी आहे. तिला भूगर्भातील साठलेल्या ताणाची गरज नसते, पोकळी आणि गुरुत्वाकर्षण पुरेसे असतात.

इशारा आणि त्याच्या मर्यादा

न्यू साउथ वेल्समधील मूनी खाण हे यशस्वी इशाऱ्याचे बहुधा सर्वांत उपयुक्त उदाहरण आहे. तेथे लाँगवॉलवर पिंडाश्माचे जाड छत होते. ते दीर्घकाळ अधांतरी राहून एकदम कोसळे आणि हवेचा झोत उठे. सूक्ष्मकंपांची संख्या ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की कामगारांना काम सोडून सुरक्षित जागी जाण्याची सूचना मिळे. मिळणारा अवधी अल्प असे, पण बाजूला होण्यास तो पुरत असे. पुढे तेथे छतात उच्चदाबाने पाणी सोडून ते मुद्दाम आणि सोयीच्या वेळी पाडण्याची पद्धत सुरू झाली. इशारा देण्याहून ही पुढची पायरी होय.

विदर्भातील डिपिलरिंगशी याचे साम्य आहे. तेथेही प्रत्येक गोफ-कोसळ अपेक्षित असते, म्हणून प्रत्येक कोसळीच्या आधीचे कंप तपासून त्या विशिष्ट छताची सवय जाणून घेता येते. दहा-बारा कोसळींनंतर किती कंप म्हणजे धोका, याचा स्थानिक अंदाज बांधता येतो. एका खाणीचा आकडा शेजारच्या खाणीला लागू पडेलच असे नाही. कंपांची तासागणिक संख्या, एकूण ऊर्जा, ते कामाच्या जागेकडे सरकत आहेत का आणि लहान घटनांच्या तुलनेत मोठ्या घटनांचे प्रमाण वाढते आहे का, या चार गोष्टी पाहिल्या जातात. त्यांपैकी चौथी गोष्ट संशोधनलेखांत फार चर्चिली जाते. पाळीच्या प्रभाऱ्याला मात्र पहिल्या तीनच अधिक उपयोगी पडतात, कारण चौथीसाठी लागणाऱ्या शेकडो घटना जमेपर्यंत छत पडून गेलेले असते.

गॅलरीतील छताविषयी मात्र सावध राहावे लागते. चिकणमातीने माखलेल्या गुळगुळीत सांध्यावरून ठोकळा निसटतो तेव्हा नवा तडा पडावाच लागत नाही. तो जवळजवळ निःशब्द पडतो. ओलाव्याने मऊ झालेले शेलही फारसे तडकत नाही. भारतातील भूमिगत कोळसा खाणींत छत व बाजू कोसळणे हे मृत्यूंचे दीर्घकाळ प्रमुख कारण राहिले आहे. या कोसळींपैकी ज्या लहान व स्थानिक असतात, त्यांवर जिओफोन हा उपाय ठरत नाही. तेथे वेळेवर बसविलेले रूफ बोल्ट, आधार नसलेल्या छताखाली न जाण्याची शिस्त आणि सरदाराची काठी हीच संरक्षणाची साधने आहेत.

खोट्या इशाऱ्यांचाही प्रश्न असतो. इशारा वारंवार होऊन छत पडले नाही की कामगारांचा विश्वास उडतो आणि उत्पादनाची जबाबदारी असलेला अधिकारी मर्यादा वर सरकवितो. उलट, कंप अचानक थांबले म्हणजे धोका टळला असेही नाही. काही कोसळींपूर्वी अशी शांतता नोंदली गेली आहे. म्हणून ठरलेला इशारा मिळताच काम थांबविण्याचा अधिकार त्या पाळीच्या प्रभाऱ्याकडे आधीच लेखी दिलेला असणे, हा या व्यवस्थेचा उपकरणांइतकाच आवश्यक भाग आहे.

बंद खाणींवरील वस्त्या

२६ ऑगस्ट २०२२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुस येथे आमराई वॉर्डातील एक घर पाहता पाहता जमिनीत गडप झाले. घरातील माणसे वेळीच बाहेर पडल्याने जीवितहानी टळली. खड्डा साठ फूट वा त्याहून खोल असल्याचे वृत्तपत्रांनी लिहिले. या वस्तीखाली ब्रिटिश काळातील भूमिगत खाणकाम होते. त्यानंतर परिसरातील कुटुंबांना हलविण्यात आले.

उथळ पोकळीवरील छत वर्षानुवर्षे थोडे थोडे गळत राहते. पोकळी वर सरकत जाते आणि शेवटी मातीच्या थराला भिडली की भूपृष्ठावर विहिरीसारखा खड्डा पडतो. पावसाळ्यात माती जड होते व भूजलाची पातळी बदलते, म्हणून अशा घटना त्या काळात अधिक संभवतात. वर सरकण्याच्या या क्रियेत खडक जोवर तुटत असतो, तोवर विंधनछिद्रांतील जिओफोन ती टिपू शकतात. अंतिम टप्प्यात माती ढासळते तेव्हा फारसा कंप होत नाही. त्यातच वाहने, रेल्वे आणि खुल्या खाणींतील सुरुंग यांचा गोंगाट वस्तीत सतत असतो. त्यामुळे येथे निव्वळ ऐकण्याऐवजी विद्युत-रोध व भूकंपतरंगांच्या सर्वेक्षणाने पोकळ्यांचा शोध घेणे, छिद्रे पाडून त्यांची खात्री करणे आणि उपग्रहावरील रडारने जमिनीचे मिलिमीटरभर खचणे मोजणे या पद्धतींना प्राधान्य द्यावे लागते.

या सर्वांच्या आधी लागतो तो खाणीचा खरा नकाशा. चालू खाणीत जिओफोन कोठे लावायचे हे खांबांच्या नकाशावरून ठरते. शतकभरापूर्वी सोडून दिलेल्या कामांचे नकाशे अनेकदा अपुरे असतात किंवा त्यांतील खांब नंतर पोखरले गेलेले असतात. घुग्घुस, राजूर, बल्लारपूर, चंद्रपूर अशा गावांत खाण व वस्ती गेली शंभर वर्षे एकमेकींच्या आगेमागे वाढत आली आहेत, आणि कोणत्या घराखाली कोणती गॅलरी जाते, हे अजूनही घरोघर तपासूनच ठरवावे लागते.